टायट्रेशनचा कस

‘टायट्रेशन’ हा शब्द मूळचा सराफीतला. फ्रेंचमध्ये ‘तित्र’ म्हणजे सोन्याचांदीचा कस. त्यामागे लॅटिन ‘तितुलुस’, म्हणजे कोरलेला लेख, पाटी. पुस्तकाचं ‘टायटल’ही त्याच कुळातलं. फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्युसॅकने १८२८मध्ये ‘तित्र’चं क्रियापद करून द्रावणाची संहती काढण्यासाठी वापरलं. पुढे पॅरिसच्या टांकसाळीसाठी चांदीचा कस तो चक्क मिठाच्या द्रावणाने काढू लागला. शब्द फिरून माहेरी आला म्हणायचं!

आपली पाठ्यपुस्तकं ‘अनुमापन’ म्हणतात. शब्द नेटका, पण त्यात सोनं नाही. ‘आम्लारी’ मात्र झकास: आम्लाचा अरी, शत्रू. प्रत्यक्षात हे वैरी भेटले की क्षार आणि पाणी होतं.

हिशेब सरळ आहे. शंकुपात्रात २५ मिली सोडियम हायड्रॉक्साइड, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग २० मिलीला उडाला, तर २० गुणिले ०.१ भागिले २५, म्हणजे आम्लारी ०.०८ मोलर. हेच आम्ल सल्फ्युरिक असतं तर उत्तर दुप्पट, ०.१६; कारण त्याचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो. विद्यार्थी नेमके इथेच गुण घालवतात.