कुंडी, खूनी आणि भंडारा

लहानपणी फोंड्याच्या घरी पाऊस लागून राहिला की आम्ही मुले अक्षरे विस्कटून शब्द जुळवायचो. 'व' आणि 'न' मिळाले की कुणी वन म्हणे, कुणी नव. मग नव म्हणजे नवीन की नऊ, यावरून भांडण. 'हाड' जुळला की गोंधळ आणखी. मराठीत ते हाडच, पण आजी कोंकणीतून 'हाड' म्हणाली की उठून ती वस्तू घेऊन यायची!

हा खेळ मला बऱ्हाणपुरात आठवला. भुसावळ सोडून खंडव्याच्या वाटेवर लागणारे हे गाव. स्टेशनवर बुरहानपुर, आपल्या तोंडी बऱ्हाणपूर. नाव पडले ते सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून. त्यांची कबर खुल्दाबादला आहे. अरबीत बुऱ्हाण म्हणजे पुरावा. 1760 साली उदगीरच्या लढाईनंतर हे शहर निजामाकडून पेशव्यांकडे आले.

मला बघायचा होता कुंडी भंडारा. रिक्षावाल्याला ते नाव पटकन कळेना. 'खूनी भंडारा' म्हटल्यावर तो हसला आणि निघाला. वाटेत त्याने कत्तलीची एक गोष्टही रंगवून सांगितली.

प्रत्यक्षात तिथे आहे पाणी. सतराव्या शतकाच्या आरंभी, मोगल अमलात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहराकडे आणण्याची ही योजना, इराणी कनातीच्या धर्तीवरची. बोगद्यावर ओळीने विहिरींची तोंडे दिसतात, त्याच कुंड्या. पाण्यातल्या क्षारांमुळे ते लालसर दिसे म्हणून खूनी, असेही सांगतात. मला मात्र कुंडीचेच खूनी झाले असावे असे वाटते. जीभ एकदा घसरली की गोष्ट मागाहून तयार होते. आपल्या 'ध चा मा' मध्येही असेच काहीसे झाले असेल का, कोण जाणे.

आणि भंडारा? आपल्याला आधी जेजुरीची हळद आठवते, नाहीतर विदर्भातला जिल्हा. हिंदीत ती गावजेवणाची पंगत. इथे साधा अर्थ, साठा. पाण्याचा.

संध्याकाळी जामा मशिदीत गेलो. तिथे अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे, त्यात विक्रम संवत 1646 आणि शके 1511 दोन्ही कोरलेले. दगडावरची ती अक्षरे चार शतके हलली नाहीत. परतताना रिक्षावाल्याला कुंडीचा अर्थ समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "कुंडी म्हटलं तर बघायला कोण येणार, साहेब?"