भाकरीचा जिल्हा आणि ग्लुटेनचा प्रश्न

#इतिहास #अहिल्यानगर

शहरी दुकानांत आज ‘ग्लुटेनमुक्त’ पिठाची छोटी पिशवी गव्हाच्या कितीतरी पट दराने विकली जाते. ज्या मुलखात शे-दीडशे वर्षांपूर्वी बहुतेकांच्या ताटात तेच अन्न होते, तो मुलूख म्हणजे अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा.

१८८४ साली मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेल्या गॅझेटियरच्या अहमदनगर खंडात बाजरी आणि ज्वारी हीच जिल्ह्याची मुख्य धान्ये दिसतात. कर्जत-जामखेडच्या काळ्या रानात शाळू, हलक्या माळावर बाजरी, अकोल्याच्या डोंगरात नाचणी, वरई आणि भात. गव्हाची पोळी सणावाराची. यात आरोग्याचा विचार नव्हता; कमी पावसात जे तगेल ते पेरायचे, एवढेच. त्या ताटाचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही, कारण दुष्काळी वर्षी तेही रिकामे असे.

ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतील चिवट प्रथिन. पोळी लाटता येते ती त्याच्यामुळे. ज्वारी-बाजरीत ते नाही, म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात; पीठ मळायला कढत पाणी घेतात. पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी फाटते. बाजरीचे तर कडूही होते. पहाटे जात्यावर रोजचे रोज दळण्यामागे हेही एक कारण होते.

सीलिअॅक या आजारात हेच ग्लुटेन लहान आतड्याच्या अस्तराची नासधूस करते. मूल खाते, पण अंगी लागत नाही. त्याचा गव्हाशी असलेला संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिला. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव दुर्मीळ झाला. इतर मुले खंगत असताना हे रुग्ण सुधारत होते आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडत होते. डिके यांचा संशय त्याआधीचाच होता. १९५० साली त्यांनी तो प्रबंधरूपाने मांडला.

नेमक्या त्याच शतकात नगर जिल्हा गव्हाकडे सरकत होता. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला आणि गहूही आला. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतून पीएल-४८० कराराखाली गहू येऊ लागला. पाठोपाठ कल्याणसोना, सोनालिका हे बुटके वाण आले. रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी मात्र जुन्या पिढीच्या आठवणीत अपमानासारखी राहिली. भाकरी गरिबीची खूण ठरली, पोळी प्रतिष्ठेची.

भारतातील पाहणीत या आजाराचे प्रमाण उत्तरेत शंभरात सुमारे एक, तर दक्षिणेत हजारात सुमारे एक आढळले. गहू किती खाल्ला जातो, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. महाराष्ट्रात आजार विरळ वाटतो, म्हणून निदानही उशिरा होते. निदानाआधीच गहू सोडला तर रक्ततपासणी फसवी येऊ शकते. तपासणी आधी, पथ्य नंतर, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा.

पथ्य अंगवळणी पडायला या जिल्ह्यात नवे काही शिकावे लागत नाही. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, नाचणीची आंबील, उपवासाची भगर घरोघरी ठाऊक आहेत. अडचण दुसरीकडे आहे. रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळतो आणि ज्वारी बाजारभावाने घ्यावी लागते. अलीकडे ती अनेकदा गव्हाहून महाग पडते. दुसरी अडचण गिरणीची. गव्हानंतर त्याच पात्यात दळलेली ज्वारी या रुग्णांसाठी ज्वारी राहत नाही, कारण ग्लुटेनमुक्त अन्नाची कायदेशीर मर्यादा किलोमागे अवघी २० मिलिग्रॅम आहे. भाजणीत गहू असतो, बाजारी हिंगातही बहुधा मैदा असतो. सगळ्यांत स्वस्त तोड म्हणजे घरात ठेवलेले, फक्त ज्वारी-बाजरीसाठीचे जाते किंवा छोटी घरघंटी.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. रेशनच्या पोत्यात मात्र त्या वर्षीही मुख्यतः गहू आणि तांदूळच होता.