छंद, संग्रह आणि देह : औंधच्या निमित्ताने

'छंद' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. काव्यशास्त्रात तो वृत्ताचा, मात्रांच्या बांधणीचा वाचक आहे. रोजच्या बोलण्यात तो मनाच्या ओढीचे नाव आहे. पहिल्यात नियम आहे, दुसऱ्यात लहर आहे, असे वरवर वाटते. परंतु काही जमवण्याचा छंद असलेल्या माणसाकडे नीट पाहिले तर ही दोन घरे एकाच वाड्यात असल्याचे ध्यानात येते. नाणी, तिकिटे, दिवे, अडकित्ते, काहीही जमवणारा माणूस आवर्तनात जगतो. त्याच्या संग्रहात एखादी जागा रिकामी राहिली तर ती त्याला मात्रा कमी पडलेल्या चरणासारखी खुपते. संग्रह म्हणजे वस्तूंनी रचलेले वृत्त होय, असे म्हटले तर ते फार अतिशयोक्त ठरणार नाही.

संग्राहकाकडे आपल्या साहित्यविचाराने क्वचितच पाहिले आहे. त्याला आपण हौशी म्हणतो आणि सोडून देतो. या टिपणात आम्ही एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या छंदापासून निघून सातारा जिल्ह्यातील औंधपर्यंत जाणार आहोत. तो छंद म्हणजे क्रीडापटूंच्या डुलत्या मानेच्या बाहुल्या जमवण्याचा. अमेरिकेत त्यांना 'बॉबलहेड' म्हणतात. धड लहानसे, त्यावर अवाढव्य डोके, मानेच्या जागी स्प्रिंग. बोटाने टिचकी मारली की खेळाडू मान हलवू लागतो. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन बेसबॉलच्या संघांसाठी जपानमध्ये कागदाच्या लगद्याच्या अशा बाहुल्या तयार होऊ लागल्या. गंमत अशी की त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे एकसारखेच होते. पोशाखावरून संघ ओळखायचा. विली मेज, मिकी मँटल अशा मोजक्या खेळाडूंच्या नावाने बाहुल्या निघाल्या, तरी चेहऱ्यांत फार फरक नव्हता. पुढे ही लाट ओसरली. ९ मे १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'जायंट्स' संघाने सामन्याला आलेल्या प्रेक्षकांना विली मेजच्या पस्तीस हजार बाहुल्या वाटल्या आणि ती पुन्हा उसळली. २०१९ मध्ये मिलवॉकी शहरात या बाहुल्यांचे स्वतंत्र संग्रहालयही उघडले.

वस्तू मात्र अमेरिकेची नव्हे, आणि नवीही नव्हे. अठराव्या शतकात चीनमधून मान डोलावणाऱ्या मूर्ती युरोपातील घरांत पोचल्या होत्या. योहान झोफानीने १७६५च्या सुमारास रंगवलेल्या राणी शार्लटच्या चित्रात मागल्या बाजूस त्या दिसतात. गोगोलच्या 'ओव्हरकोट' या १८४२च्या कथेत गरीब कारकुनाची मान वर्णन करताना लेखकाला डोके हलवणाऱ्या प्लास्टरच्या मांजरांची आठवण होते. आपल्याकडे तंजावरच्या बाहुल्या आहेत. तेथे १६७५ ते १८५५ भोसल्यांचे राज्य होते आणि दुसरे सरफोजी यांच्या ग्रंथप्रेमाने सरस्वती महाल ग्रंथालयाला त्याचे आजचे रूप आले. त्या तंजावरची मान डोलावणारी बाहुली स्प्रिंगवर चालत नाही. शिर, धड, घागरा असे सुटे भाग एकावर एक तोलून ठेवलेले असतात आणि वाऱ्याच्या झुळकीनेही त्या तोलात कंप उठतो. आणि मराठी मनापाशी तर याहून जवळची प्रतिमा आहे: दारोदार फिरणारा, गुबुगुबुच्या तालावर मान हलवणारा नंदीबैल. 'नंदीबैलासारखी मान हलवणे' हा वाक्प्रचार आपण कौतुकाने वापरत नाही, हे येथे नोंदवून ठेवावे. होकाराची आपल्याला सवय आहे, पण होकाराचा संशयही आहे.

या बाहुलीचे खरे वैशिष्ट्य मानेच्या डुलण्यापेक्षा तिच्या प्रमाणात आहे. भारतीय शिल्पशास्त्र मूर्तीची उंची 'ताला'त मोजते. एक ताल म्हणजे ढोबळमानाने चेहऱ्याची लांबी. देवांच्या आणि श्रेष्ठ पुरुषांच्या मूर्तींना नवताल, दशताल अशी मापे. बालक, वामन यांना त्याहून कमी ताल. या मापाने पाहिले तर डुलती बाहुली दोन-तीन तालांच्या पलीकडे जात नाही. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर देह घडवला, ज्याच्या मनगटासाठी, पायांच्या चपळाईसाठी लोक त्याला ओळखतात, त्याचा देह येथे नाममात्र उरतो आणि चेहरा सर्वस्व होतो. क्रीडापटूच्या स्मारकातून क्रीडाच वजा व्हावी, हा विरोधाभास आहे. तो केवळ बाहुल्यांपुरता नाही. १ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईत वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकरचा पुतळा उभा राहिला, तेव्हा उंचावलेल्या बॅटविषयी, फटका मारून झालेल्या शरीराच्या वळणाविषयी लोक फारसे बोलले नाहीत. चर्चा रंगली ती चेहरा दुसऱ्याच एका ऑस्ट्रेलियन फलंदाजासारखा दिसतो काय याची. दृष्टी आपोआप तोंडवळ्यावर जाते, कारण तोंडवळा म्हणजे नाव.

संग्रह आणि देह यांचे नाते याच्या नेमके उलट मांडू पाहणारा एक संग्राहक गेल्या शतकात औंधच्या गादीवर होता. भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) १९०९ मध्ये औंधचे अधिपती झाले. संस्थान लहान, पाचशे चौरस मैलांच्या आसपास, आणि तेही सलग नव्हे: औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ अशा तुकड्यांत विखुरलेले. आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर जिल्ह्यांत ते वाटले गेले आहे. अधिपती पदवीधर, स्वतः चित्रकार, कीर्तनकार. त्यांचे सचित्र रामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले. त्यातून उभी राहिलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्णत्वास गेली. ठिकठिकाणच्या पोथ्या गोळा करून, पाठ पडताळून एक संहिता सिद्ध करणे हाही संग्रहच, आणि साहित्याच्या अभ्यासकांवर औंधचे जे ऋण आहे ते मुख्यतः हे.

परंतु त्यांच्या आयुष्यातील दुसरा संग्रह शरीराचा होता, आणि त्याचा प्रारंभ एका मूर्तीपाशी पोचतो. युजेन सँडो हा जर्मनीत जन्मलेला बलोपासक लंडनमध्ये स्थिरावला होता. ग्रीक-रोमन पुतळ्यांसारखा देह आपण कमावला, अशी त्याची ख्याती, आणि ती त्याने स्वतःच जोपासलेली. १९०१ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी त्याच्या अंगाचा प्लास्टरचा साचा घेण्यात आला. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली. परीक्षकांत शिल्पकार चार्ल्स लॉज आणि कादंबरीकार आर्थर कॉनन डॉयल होते आणि विजेत्यांना बक्षीस म्हणून सँडोचीच छोटी मूर्ती मिळाली. खेळाडूची मूर्ती घरी नेऊन मांडण्याच्या आधुनिक हौसेच्या पूर्वजांत या मूर्तीची गणना केली पाहिजे. आजही 'मिस्टर ऑलिम्पिया'च्या विजेत्याला सँडोची मूर्तीच दिली जाते.

बाळासाहेबांनी १८९७ मध्ये सँडोचे पुस्तक आणि साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने निष्ठेने व्यायाम केला. म्हणजे सँडो नावाच्या मूर्तीचे तेही एक दूरचे भक्त होते. पण १९०८च्या सुमारास ते वळले. घराण्यात वडिलांपासून चालत आलेला सूर्यनमस्कार, मिरजेच्या अधिपतींचा आग्रह, आणि साधनांवाचून होणाऱ्या व्यायामाची सोय यांमुळे त्यांनी नमस्कारांना आपलेसे केले. या वळणातला फरक आम्हांला महत्त्वाचा वाटतो. सँडोच्या देहाचे साध्य 'दिसणे' आहे. स्नायू फुगवून क्षणभर पुतळा होणे, ही त्याची परिणती. सूर्यनमस्कारात थांबलेली अशी एकच मुद्रा नाही. एक स्थिती दुसरीत विरते आणि पुन्हा आरंभाशी येते. त्यात आवर्तन आहे, यती आहे, मोजणी आहे. लेखाच्या आरंभी ज्या दोन अर्थांविषयी आम्ही बोललो ते दोन्ही छंद येथे एका देहात भेटतात. अशा क्रियेची मूर्ती करणे कठीण. फार तर दहा चित्रांची मालिका काढता येईल, आणि बाळासाहेबांच्या पुस्तकांत तीच आहे.

त्यांनी हा छंद स्वतःपुरता ठेवला नाही. राणीसाहेब, मुले, दरबार आणि अखेर संस्थानातील शाळांतील मुलेमुली नमस्कार घालू लागली. १९२०च्या दशकात शाळांत ते सक्तीचे झाले. येथे समीक्षकाने थबकले पाहिजे. राजा चित्रे जमवतो तेव्हा भिंतीवरच्या चित्राची संमती कोणी विचारत नाही. तो प्रजेची शरीरे एका ओळीत, एका तालात वाकवतो तेव्हा मात्र प्रश्न उभा राहतो: हाही एक संग्रहच नव्हे काय? मंत्रांसह घातलेल्या नमस्कारांचा धार्मिक भार सर्वांच्या पाठीवर सारखा असेल, असेही मानता येत नाही. आरोग्याची तळमळ खरी, तरी आज्ञेने वाकलेला कणा आणि आज्ञेने डुललेली मान यांत अंतर किती, हे विचारावे लागते. नंदीबैलाची प्रतिमा येथे पुन्हा आठवते.

या प्रश्नाचे औंधने दिलेले उत्तर अर्धे का होईना, पण दुर्मीळ आहे, आणि ते १९३८ या एका वर्षाभोवती गोळा झाले आहे. त्या वर्षी लंडनच्या डेंट या प्रकाशनसंस्थेने लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादिलेले बाळासाहेबांचे सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तक काढले. त्याच वर्षी यमाईच्या डोंगराच्या वाटेवर, मूळपीठाच्या उतारावर, श्री भवानी चित्रसंग्रहालय सुरू झाले. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. चिरंजीव अप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन आणि महात्मा गांधी यांच्या विचारविनिमयातून घटना तयार झाली व जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. ग्रामपंचायतींवर उभारलेला तो 'औंधचा प्रयोग'. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच प्रयोगातली. १९५७च्या 'दो आंखें बारह हाथ' या चित्रपटाला तिच्यातून बीज मिळाले, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे औंध संस्थानच्या मातीतले, औंधच्या शाळेत शिकलेले.

संग्रह आणि अपरिग्रह हे शब्द एकमेकांचे वैरी मानले जातात. एका हाताने चित्रांना घर बांधणारा माणूस दुसऱ्या हाताने सत्ता सोडतो, तेव्हा त्या वैराचा अर्थ बदलतो. वाड्यातल्या वस्तू वाड्यात राहिल्या असत्या तर ती मालकी होती. डोंगराच्या वाटेवर, देवीला जाणाऱ्या माणसाला सहज वळता येईल अशा जागी त्या मांडल्या तेव्हा ते दान झाले. आपल्याजवळ जे आहे ते पाहण्याचा हक्क इतरांना देणे, ही संग्राहकाची घटनाच म्हणावी लागेल. सत्तेपुरते बोलायचे तर मान डोलावणाऱ्या दरबाराऐवजी नकार देऊ शकणारी पंचायत राजाने पत्करली.

आज त्या संग्रहालयाची व्यवस्था राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. राजा रविवर्मा आणि त्यांच्या काळातील चित्रकारांची चित्रे, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती, चंदनातील व हस्तिदंतातील कोरीव कामे, संगमरवरी मूर्ती तेथे आहेत. आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता व बालक' हे शिल्पही आहे. मूरच्या शिल्पांत चेहरा जवळपास पुसला जातो. नाकडोळे नाममात्र, पण खांद्याचा उतार, मांडीची घडी, मुलाला पेलणाऱ्या देहाचे वजन पाहणाऱ्याला जाणवते. डुलत्या बाहुलीत देह पुसून चेहरा वाढवला आहे. येथे चेहरा पुसून देह वाढवला आहे. नमस्कारांच्या राजाने जपलेल्या घरात असे शिल्प असावे, हा योगायोग असला तरी अर्थवान आहे.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर बाळासाहेबांच्या दोन वारशांच्या वाटा फार वेगळ्या झाल्या. जमवलेल्या वस्तू नावाच्या पाट्यांसह जागच्या जागी राहिल्या. त्या पाहायला औंधलाच जावे लागते. नमस्कार मात्र निघून गेला. १९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात त्याचे वर्ग योगवर्गाहून वेगळे भरत. पुढे तो योगातच मिसळला आणि जगभरच्या शहरांतील योगवर्गांचा आरंभ झाला. न्यूयॉर्कमध्ये सकाळी चटईवर वाकणाऱ्या माणसाला औंध हे नाव ठाऊक नसते, आणि ठाऊक नसल्याने त्याचे काही अडतही नाही. वस्तूने नाव राखले पण ती हलली नाही. क्रिया जगभर गेली, पण तिने नाव टाकले.

क्रीडापटूंच्या बाहुल्या जमवणाऱ्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणारे मूलही तेच करीत असते: ज्यांच्यासारखे व्हावेसे वाटते त्यांना हाताच्या अंतरावर आणून ठेवते. प्रत्येक संग्रहाच्या मुळाशी अनुकरणाची ही ओढ असते. फळीवर मांडलेली मूर्ती त्या ओढीचे समाधान करते, की तिला अंगात उतरायला भाग पाडते, एवढाच प्रश्न आहे. सँडोची साधने मागवणाऱ्या तरुणाला औंधात तो प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर शोधण्यात त्याचे उभे आयुष्य गेले, आणि संग्रह सोडून न देताही ते शोधता येते, हे त्याने दाखवले.