कोलेस्टेरॉल कमी आलंय, पण तोंड तपासलंत का?

जळकोट-उदगीरकडची मंडळी रक्ताचा रिपोर्ट पुढे करून विचारतात, "डॉक्टर, कोलेस्टेरॉल कमी आलंय, चांगलंच ना?" हृदयासाठी बहुतेक वेळा हो. पण तुम्ही तंबाखू-चुना किंवा गुटखा खात असाल आणि वजन उगाच घटत असेल, तर मी आधी तुम्हाला तोंड उघडायला सांगेन. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रक्तातल्या चरबीचा विषय मात्र वेगळ्याच वाटेने आला. १९७४ मध्ये इंग्लंडचे जेफ्री रोझ आणि सहकाऱ्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांत कोलेस्टेरॉल अपेक्षेपेक्षा कमी आढळलं. झालं! कमी कोलेस्टेरॉलमुळेच कर्करोग होतो की काय, ही शंका बरीच वर्षं डॉक्टरांना छळत राहिली.

हळूहळू उलगडलं ते उलटंच. बऱ्याचदा आजार आधी असतो, कोलेस्टेरॉल नंतर उतरतं. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना नवी आवरणं बांधायला कोलेस्टेरॉल लागतं आणि त्या ते रक्तातून ओढून घेतात. तोंडाच्या कर्करोगात तर घास चावता येत नाही, गिळताना दुखतं. पोटात अन्नच कमी जातं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतही कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा या भीतीने हृदयाची गोळी सोडू नका.

आपल्या शेजारी, अहमदाबादच्या कर्करोग संस्थेतला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. डोके-मानेच्या कर्करोगाचे उपचार न झालेले १८४ रुग्ण, तोंडातल्या कर्करोगपूर्व विकारांचे १५३ आणि तुलनेसाठी ५२ निरोगी लोक. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल दोन्ही रुग्णगटांत निरोगी लोकांपेक्षा कमी निघालं. म्हणजे गाठ होण्याआधीच्या चट्ट्यांतही हा फरक होता!

म्हणून लिपिड प्रोफाइलवर कर्करोग ओळखता येतो का? नाही. कुपोषण, यकृताचे विकार, वाढलेलं थायरॉइड यांतही कोलेस्टेरॉल उतरतं, आणि कर्करोग असून रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं यांपैकी काही असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहू नका. टॉर्च लावून तोंड तपासून घ्या आणि डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं तर टाळू नका.