पाण्याखालचे सँ

फ्रान्सच्या वायव्येला, ब्रिटनीच्या प्वँत द्यु रा या भूशिरापासून सुमारे आठ किलोमीटरवर सँ नावाचे बेट आहे. लांबी जेमतेम दोन किलोमीटर, क्षेत्रफळ अर्ध्या चौरस किलोमीटरच्या थोडे वर, सरासरी उंची समुद्रसपाटीपासून दीड मीटर. झाड म्हणावे असे जवळजवळ काही नाही. या चिमुकलेपणाचेच कौतुक फार होते आणि तिथेच नजर चुकते. बेटाच्या पश्चिमेला सुमारे पंचवीस किलोमीटर खडपांची रांग पसरली आहे, बरीचशी भरतीत बुडणारी. तिला शोसे द सँ म्हणतात. आपण ज्याला बेट म्हणतो ते या ग्रॅनाइटच्या कण्याचे उघडे पडलेले टोक आहे, आणि सँचा इतिहास घडवला तो या बुडालेल्या भागाने.

वरच्या जमिनीवर कधीच पोट भरले नसते. दगडी बांध घातलेल्या इवल्याशा तुकड्यांत बार्ली आणि बटाटे निघत, आणि ती शेती बायका करत. पुरुष समुद्रावर. शेवंड आणि खेकडे मिळत ते खडपांच्या कपारींत; शैवाल वाढे ते त्याच खडकांवर, आणि ते वाळवून, जाळून उरलेली राख सोडा व आयोडीनच्या कारखान्यांना विकली जाई. फुटलेल्या जहाजांचे लाकूडही तिथूनच येई. रात्री खोटे दिवे दाखवून लोक जहाजे खडकावर ओढत, ही ब्रिटनीच्या किनाऱ्याबद्दलची आवडती दंतकथा. पण शोसेसारखा खडक असताना दिवा लावण्याचे कष्ट घ्यायचे कशाला?

हा खडक किती अवघड आहे ते शोसेवरच्याच आर-मेन दीपस्तंभाच्या कामावरून कळते. काम १८६७ साली सुरू झाले. पहिल्या वर्षी कामगारांना त्या खडकावर सात वेळा उतरता आले, एकूण आठ तास काम झाले आणि पंधरा भोके पाडली गेली. ती पाडणारे सँचेच कोळी होते, कारण तिथल्या लाटा त्यांनाच कळत. दिवा लागायला १८८१ उजाडले.

यावर आक्षेप येईल की सगळे श्रेय भूगोलाला दिले तर माणसे उरतात कुठे? आक्षेप खरा आहे. अठराव्या शतकात मुख्य भूमीवर स्थलांतर करण्याची सूचना बेटकऱ्यांपुढे आली आणि त्यांनी ती नाकारली. खडक कुणाला राहायला भाग पाडत नाही. जून १९४० मध्येही तसेच. जर्मन फौजा ब्रिटनीत आल्यावर सँचे सव्वाशेच्या आसपास पुरुष आपल्या होड्यांतून इंग्लंडला निघून गेले आणि द गॉल यांच्या सैन्यात दाखल झाले. ते धैर्य त्यांचे स्वतःचे होते. परंतु धैर्य इतर गावांतही होते. रात्री या पाण्यातून होडी काढू शकणारी माणसे घरोघरी असणे, हे मात्र खडपांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेले कसब. दुसऱ्या महायुद्धातील कामगिरीसाठी ‘मुक्तिलढ्यातील साथीदार’ हा किताब फ्रान्समधल्या फक्त पाच गावा-शहरांना मिळाला. पॅरिस, नांत, ग्रेनोब्ल आणि व्हेर्कोर डोंगरातले व्हासिय ही चार; पाचवे सँ.