नावानिशी

ग्रामसभा तापली की कोणीतरी हमखास उठून म्हणतो, "हे प्रोसिडिंगला घ्या." नेसरी असो, शेजारची कानडेवाडी असो, नाहीतर गडहिंग्लज तालुक्यातले दुसरे कुठलेही गाव. विषय पाणीयोजनेचा असेल, गायरानातल्या अतिक्रमणाचा असेल, नाहीतर नुसत्या गटारीचा. ग्रामसेवक रजिस्टर पुढे ओढतो, विषय क्रमांक घालतो, ठराव लिहितो आणि खाली दोन नावे टाकतो: सूचक आणि अनुमोदक. चार वर्षांनी भांडण उभे राहिले तरी ते रजिस्टर उघडता येते. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते आणि नाव पडले की माणूस बांधला जातो, हे गावाला कोणी शिकवावे लागत नाही.

पण तोच गावकरी आमदार-खासदारांच्या बाबतीत ऐकीव गोष्टींवर भागवतो. आपला माणूस मुंबईत किंवा दिल्लीत काय बोलला, कोणत्या कायद्याला हात वर केला आणि कोणत्या वेळी सभागृहाबाहेर राहिला, याची चर्चा प्रचारसभेत आणि चहाच्या टपरीवर होते. कागद कोणी मागत नाही. निम्मा कागद उपलब्ध आहे आणि निम्मा तयारच केला जात नाही. भाषणांची नोंद मिळवायला अडीचशे वर्षे लढावे लागले आणि ती लढाई बहुतेक जिंकली गेली. मतांच्या नोंदीची लढाई आपल्याकडे अजून अर्ध्यावर आहे.

ही वाट इंग्लंडहून निघते. तिथल्या कॉमन्स सभागृहाने १७३८ मध्ये ठराव करून आपल्या चर्चा छापणे हा हक्कभंग ठरवला होता. सभासद जनतेच्या नावाने बोलत, पण ते काय बोलले हे जनतेने वाचणे गुन्हा! तेव्हा एका मासिकाने 'लिलिपुटच्या संसदे'तल्या चर्चा म्हणून खऱ्याच चर्चा बदललेल्या नावांनी छापल्या. त्यांतल्या कित्येक सॅम्युअल जॉन्सनने लिहिल्या. १७७१ मध्ये सभागृहाने मुद्रकांना पकडायला माणसे पाठवली, पण लंडन शहराच्या दंडाधिकाऱ्यांनी मुद्रकांची बाजू घेतली. त्यापायी लंडनचे लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बी टॉवरच्या तुरुंगात गेले. लोक इतके खवळले की त्यानंतर बंदी कागदावरच उरली. १८०३ मध्ये विल्यम कॉबेटने चर्चांचे खंड काढायला सुरुवात केली. पुढे ते काम टॉमस हॅन्सर्ड या मुद्रकाच्या हाती आले आणि आजही अर्ध्या जगात संसदेच्या कार्यवृत्ताला त्याच्याच आडनावाने ओळखतात. मतांची गोष्ट तिथेही मागून आली. १८३२ मध्ये मताधिकार वाढला आणि १८३६ पासून कॉमन्स सभागृह स्वतःच कोणी कोणत्या बाजूने मत दिले याच्या याद्या छापू लागले. मतदार वाढला तसा हिशेब मागणारा वाढला, असे मला त्यात दिसते.

दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले आणि अशा याद्यांत त्यांचेही नाव येऊ लागले. मुंबईत वाढलेला हा माणूस कोणत्या प्रस्तावाला 'हो' म्हणाला, हे लंडनच्या एका मोहल्ल्यातला कारागीर वर्तमानपत्रात वाचू शकत होता.

आपल्याकडे कायदेमंडळाचे कामकाज छापून ठेवण्याची सुरुवात कलकत्त्याला १८५४ च्या सुमारास झाली. मुंबई कौन्सिलची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये भरली. ही कौन्सिले सरकारनियुक्त माणसांची होती. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्क दिला आणि कार्यवृत्ताचा नूरच बदलला. टिळक १८९५ मध्ये मुंबई कौन्सिलवर आले, गोखले १८९९ मध्ये. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यातल्या दुरुस्तीला विरोध म्हणून फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून गेले. मत देऊन हरण्यापेक्षा सभात्याग करण्याची आपली परंपरा इतकी जुनी आहे आणि तो सभात्यागही नोंदला गेला, म्हणूनच आपल्याला ठाऊक आहे.

माझ्या मते या साऱ्या दप्तरातले सर्वांत मोलाचे पान १९१२ चे आहे. गोखल्यांनी आदल्या वर्षी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कौन्सिलात आणले होते. मार्च १९१२ मध्ये ते मताला आले. बाजूने १३, विरुद्ध ३८. विधेयक पडले. पण कोण तेरा आणि कोण अडतीस हे नावानिशी छापलेले आहे. ज्यांनी गावोगावच्या पोरांच्या शाळेच्या विरोधात मत दिले, त्यांची नावे शंभर वर्षांनंतरही झाकता येत नाहीत. हरलेल्या विधेयकाची यादी जिंकलेल्या विधेयकाच्या यादीपेक्षा जास्त शिकवते.

भाषणांच्या नोंदीचे मोलही मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणला. महाडचा सत्याग्रह त्या ठरावाच्या पायावर उभा राहिला. बाबासाहेब आंबेडकर १९२७ पासून मुंबईच्याच कायदेमंडळात बोलू लागले: महारवतनावर, गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेवर, खोतीवर. ती भाषणे लघुलेखकांनी तिथल्या तिथे टिपली, सरकारी छापखान्याने छापली आणि कपाटात गेली. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने काढली, तेव्हा दुसऱ्या खंडात ही कायदेमंडळातली भाषणे आली. एखाद्या प्रतिवेदकाने आळस केला असता तर ती आज कुठून आणली असती?

नेसरी तेव्हा या हिशेबाच्या बाहेर होती. हा मुलूख कोल्हापूर संस्थानचा. राजर्षी शाहूंचा २६ जुलै १९०२ चा मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम करवीर गॅझेटात छापला गेला. काळाच्या कितीतरी पुढचा हुकूम, पण तो एका राजाचा निर्णय होता; त्यावर कोणी मत दिले, कोणी विरोध केला अशी यादी असण्याचा प्रश्नच नव्हता. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५२ च्या निवडणुकीपासून ज्याचा हिशेब मागता येईल असा प्रतिनिधी नेसरीलाही मिळाला.

नेसरीचे नाव इतिहासात आहे ते मराठा सेनापती प्रतापराव गुजरांमुळे. फेब्रुवारी १६७४ मध्ये ते इथल्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. नारायण शेणवी याने एप्रिल १६७४ मध्ये इंग्रजांना लिहिलेल्या पत्रात प्रतापरावांबरोबर सहाच स्वार असल्याचा आकडा येतो, नावे येत नाहीत. आज सांगितली जाणारी नावे मागाहून आलेली आहेत. आकडा उरला आणि माणसे निसटली, याची हळहळ या भागातल्या कोणालाही सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर भाषण छापण्याचा हक्क पुन्हा नव्याने मिळवावा लागला. सभागृहात बोलणाऱ्याला घटनेने संरक्षण दिले, पण ते बातमीत छापणाऱ्या पत्रकारावर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकत होता. फिरोज गांधींनी खासगी विधेयक आणून १९५६ मध्ये ही फट बुजवली. लगेच पुढच्या वर्षी त्यांनीच लोकसभेत आयुर्विमा महामंडळाच्या पैशांचे मुंदडा प्रकरण बाहेर काढले, मुंबईत न्यायमूर्ती छागलांपुढे उघड चौकशी झाली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावे लागले. आणीबाणीत इंदिरा गांधींच्या सरकारने हाच कायदा रद्द केला. १९७७ मध्ये तो परत आला आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने ३६१-अ हे कलम घालून राज्यांच्या विधिमंडळांच्या वृत्तांतालाही घटनेतच संरक्षण दिले. एक अट अजून आहे. अध्यक्षांनी जे शब्द कामकाजातून काढून टाकले, ते छापता येत नाहीत. 'सर्चलाइट' या पाटण्याच्या दैनिकाचे प्रकरण याच कारणावरून १९५८-५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल सभागृहाच्या बाजूने लागला. म्हणून छापील कार्यवृत्तात मधूनच नुसत्या फुल्या दिसतात.

आता मताकडे येऊ. लोकसभेत मतविभागणी मागितली की आधी घंटा वाजते, साडेतीन मिनिटे. ग्रंथालयात, उपाहारगृहात असलेले खासदार धावत येतात. मग दारे बंद होतात. अध्यक्ष प्रस्ताव पुन्हा वाचतात, घणघण असा एक ठोका पडतो आणि खासदाराने आपल्या जागेवरची दोन बटणे एकदम दाबून धरायची: एक मत द्यायचे, दुसरे हो, नाही किंवा तटस्थ असे सांगायचे. दहा सेकंदांनी दुसरा ठोका पडेपर्यंत हात सोडायचा नाही. फलकावर हिरवे, तांबडे, पिवळे दिवे उमटतात. ज्याचे बटण चुकले तो चिठ्ठी देतो. मग आकडे जाहीर होतात आणि नावांची यादी कार्यवृत्तात जाते. हे यंत्र १९५७ मध्ये बसले. त्याआधी सभासद उठून दोन वेगळ्या लॉबींत जात आणि तिथे त्यांची नावे टिपली जात.

पण घंटा फार क्वचित वाजते. बहुतेक कायदे आवाजी मतदानाने होतात. 'हो' म्हणणारे ओरडतात, 'नाही' म्हणणारे ओरडतात आणि अध्यक्ष कानाने ठरवतात. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत मोजावेच लागते, म्हणून तिथे नावे मिळतात. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाच्या विधेयकाला लोकसभेत ४५४ मते पडली आणि विरोधात फक्त दोन. त्यातले एक असदुद्दीन ओवैसी आणि दुसरे औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. त्यांच्या मतदाराला पटो वा न पटो, आपला खासदार कुठे उभा होता हे त्याला पक्के ठाऊक आहे. जाब विचारायला एवढे पुरते.

आपल्या विधानसभेतही दोन्ही रीती एका दशकात पाहायला मिळाल्या. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे जाहीर केले. विरोधक मतविभागणी मागत राहिले. कोणता पक्ष त्या दिवशी खरोखर कुठे होता, यावर मग नुसते तर्क. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या ठरावाला शिरगणती झाली, एकेक आमदार उभा राहून मोजून घेतला गेला: १६४ विरुद्ध ९९. पहिल्या दिवसाची यादी नाही, दुसऱ्या दिवसाची आहे. सत्तेवर कोण होते यापेक्षा हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

१९८५ च्या पक्षांतरबंदीने यात आणखी एक गाठ मारली. व्हिप मोडला तर पद जाते, म्हणून सभासदाचे मत बहुधा पक्षाचेच मत असते. मग यादी कशाला, असे विचारणारे भेटतात. मला ते पटत नाही. पक्षाचा आदेश पाळला हीसुद्धा मतदाराने जाणून घेण्याची गोष्ट आहे आणि गैरहजर राहणे ही तर त्याहून जास्त.

नेसरी पूर्वी गडहिंग्लज मतदारसंघात होती, फेररचनेनंतर चंदगडमध्ये गेली. कानडेवाडीचे बाबासाहेब कुपेकर इथून निवडून जात आणि २००४ ते २००९ ते विधानसभेचे अध्यक्ष होते. अध्यक्षाच्या आसनावरचा माणूस चर्चेत भाग घेत नाही, आणि मत देतो ते दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच. म्हणजे त्या पाच वर्षांत नेसरीच्या आमदाराचे प्रश्न किती, भाषणे किती असे मोजायला बसले तर रकाने कोरे राहतील, आणि कार्यवृत्त उघडले तर पानोपानी 'अध्यक्ष' बोलताना दिसतील. नुसत्या मोजणीचा हा धोका आहे.

मोजणीची लाट त्याच सुमारास आली. २००५ मध्ये दिल्लीत निघालेली पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि खासगी विधेयके मांडू लागली. मुंबईत प्रजा फाउंडेशन शहरातल्या आमदारांचे प्रगतिपुस्तक काढते. १६ व्या लोकसभेत सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्यांत कोल्हापूरचे धनंजय महाडिक वरच्या रांगेत होते आणि बारामतीच्या सुप्रिया सुळेही. हे आकडे निवडणुकीच्या पत्रकांवर चढले, आणि ते चांगलेच झाले. पण प्रश्न किती यापेक्षा प्रश्न कोणता, उत्तर काय आले आणि पुढे काय झाले, हे पाहायला मूळ पान उघडावे लागते. लोकसभेच्या संकेतस्थळावर ते मिळते, अगदी १८५४ पासूनच्या जुन्या चर्चाही संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. मंत्र्यांना हजेरीवर सही करावी लागत नाही, त्यामुळे त्यांचा रकाना रिकामा दिसला तर तो दोष समजू नये.

या साऱ्या तक्त्यांत एक रकाना नसतो: मत. संस्थांची त्यात चूक नाही, मूळ नोंदच नसते. अमेरिकेच्या घटनेने हजर सभासदांपैकी एकपंचमांश जणांनी मागितले तर प्रत्येकाचे मत नावासह लिहिलेच पाहिजे, असे १७८७ मध्येच ठरवून टाकले. आपल्याकडे मतविभागणी मागता येते, पण द्यायची की नाही हे प्रत्यक्षात आसनावरच्या माणसावर अवलंबून राहते.

सप्टेंबर २०२० मध्ये तीन कृषी विधेयके संसदेत आली. उसाच्या, भाताच्या या पट्ट्यात त्यावर घरोघर वाद झाले. लोकसभेत ती आवाजी मतदानाने संमत झाली. २० सप्टेंबरला राज्यसभेत त्यांतल्या दोन विधेयकांवर विरोधकांनी मतविभागणी मागितली, गोंधळ झाला आणि उपसभापती हरिवंश यांनी तिथेही आवाजी मतदान घेतले. वर्षभराच्या आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे रद्द करणारे विधेयक चर्चेविना, पुन्हा आवाजी मतदानाने, एकाच दिवसात दोन्ही सभागृहांत संमत झाले. कायदे आले तेव्हाची यादी नाही, गेले तेव्हाचीही नाही. नेसरीच्या शेतकऱ्याने आज विचारले की शेतीच्या त्या कायद्यांना कोल्हापूरच्या खासदाराने येताना आणि जाताना कोणते मत दिले, तर त्याच्यासमोर ठेवता येईल असा एकही सरकारी कागद नाही.