तळटीप १४ : गॅल्व्हेनची खाच

१४. गॅल्व्हेनची खाच : घोड्याच्या वरच्या जबड्यातील कडेच्या पटाशीच्या दातावर बाहेरून दिसणारी उभी काळपट रेघ. साधारण १०व्या वर्षी ती हिरडीलगत दिसू लागते, १५व्या वर्षी अर्ध्या दातापर्यंत उतरते, २०व्या वर्षी टोक गाठते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिडनी गॅल्व्हेन या अश्वशिक्षकाने वय ओळखण्याची खूण म्हणून तिचा प्रसार केला. खालच्या पटाशीच्या दातांवरचे काळे खळगे ८व्या वर्षाच्या सुमारास झिजून जातात. लबाड दलाल ते नव्याने कोरून तापल्या सळईने डागत आणि म्हातारे जनावर तरुण म्हणून खपवत. येथला सौदागर खळगे दाखवून ‘सात वर्षांचा’ म्हणतो खरा, पण वरचा ओठ उचलताच गिऱ्हाईक निघून जाते, ते अर्धी उतरलेली खाच पाहून. आजचे पशुवैद्य या हिशेबाला अंदाजापलीकडे किंमत देत नाहीत.